अजायी क्राउथर

पश्चिम आफ्रिकेतून नायजर नावाची विशाल नदी वाहते. तिच्याच नावावरून तेथील एका मोठ्या देशाला नायजेरिया हे नाव मिळाले. या देशाच्या नैर्ऋत्य भागात योरुबा लोकांची फार जुनी वस्ती आहे. शेती, विणकाम आणि व्यापार यांत हे लोक निपुण. त्यांची गावे मोठी व तटबंदीची असत. त्यांचे बाजार माणसांनी फुलून जात. म्हणी, कहाण्या, कोडी आणि स्तुतिगीते यांचे मोठे भांडार त्यांच्यापाशी होते. परंतु हे धन बहुतेक सारे मुखोद्गत होते. त्यांच्या भाषेत छापलेले पुस्तक असे एकही नव्हते. ही उणीव ज्याने भरून काढली, तो पुरुष लहानपणी गुलाम म्हणून बाजारात विकला गेला होता.

अजायीचा जन्म १८०९ च्या सुमारास ओसोगुन या गावी झाला. जे मूल पालथे जन्मते त्याचे नाव अजायी ठेवावे, अशी योरुबा लोकांची चाल आहे. त्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्या काळी योरुबांचे ओयो हे जुने राज्य मोडकळीस आले होते. जिकडे तिकडे लढाया माजल्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर युरोपियन व्यापारी माणसे विकत घेण्यास टपलेले असत. त्यामुळे गाव लुटावे, माणसे धरावी आणि किनाऱ्याकडे नेऊन विकावी, हा अनेकांचा धंदाच होऊन बसला होता.

१८२१ साली एके दिवशी सकाळी ओसोगुनवर हल्ला झाला. घरोघरी बायका न्याहारीच्या तयारीत होत्या. अजायीचा बाप धावत आला, कुटुंबाला पळून जाण्याची सूचना देऊन परत तटाकडे गेला, आणि पुढे लढाईत मारला गेला. अजायीचे त्याला झालेले ते शेवटचे दर्शन. आई, दोन बहिणी आणि अजायी हे पळता पळता शत्रूच्या हाती सापडले. गळ्यात दोर अडकवून सर्वांना एका रांगेत चालविले गेले. मागे वळून पाहावे तो गाव आगीत जळत होते. अजायी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता.

पुढे आईची आणि त्याची ताटातूट झाली. एका सरदाराने त्याला एका घोड्याच्या मोबदल्यात देऊन टाकले. थोड्याच दिवसांत तो घोडा पसंत नाही म्हणून परत आला आणि अजायीही परत गेला! मग कोणी त्याला तंबाखू व दारू यांच्या बदल्यात विकले. असे करीत करीत तो अनेक धन्यांच्या हातांतून गेला. आपल्याला गोऱ्या व्यापाऱ्यांना विकतील आणि मग मायदेश पुन्हा दिसणार नाही, या भीतीने तो खचला. कमरपट्ट्याने गळा आवळून जीव द्यावा, असेही त्याच्या मनात एक-दोनदा आले; परंतु ते त्याच्या हातून घडले नाही. शेवटी लागोस बंदरात पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी त्याला विकत घेतले आणि १८२२ च्या एप्रिल महिन्यात १८७ जणांबरोबर जहाजात कोंबले.

इंग्लंडने १८०७ साली कायदा करून गुलामांचा व्यापार बंद केला होता. त्यापूर्वी याच देशाच्या जहाजांनी लक्षावधी आफ्रिकी माणसे समुद्रापार नेऊन विकली होती. आता त्याचेच आरमार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालीत होते. अजायीचे जहाज निघाले न निघाले तोच इंग्रजांच्या युद्धनौकेने ते पकडले. परंतु सुटका म्हणजे काय हे त्या बिचाऱ्या मुलांना कसे कळावे? युद्धनौकेवर डुकराचे मांस टांगलेले होते आणि जवळच तोफेच्या गोळ्यांचा ढीग होता. ते मांस माणसाचे आणि ते गोळे म्हणजे माणसांची मुंडकी, असे वाटून मुले भयाने थिजून गेली. जवळ जाऊन नीट पाहिल्यावरच त्यांच्या जिवात जीव आला.

सुटलेल्या गुलामांना सिएरा लिओन येथे उतरवीत. तेथे मिशनऱ्यांच्या शाळेत अजायीचे शिक्षण सुरू झाले. शिकण्याची त्याला विलक्षण ओढ होती. सहा महिन्यांत तो पुस्तक वाचू लागला. त्याबरोबरच सुतारकामही शिकला. १८२५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सॅम्युएल क्राउथर हे नाव घेतले. १८२७ साली फुरा बे येथे महाविद्यालय निघाले, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत अजायी होता. पुढे तो तेथेच शिक्षक झाला. त्याची पत्नी सुझन हीदेखील गुलामांच्या जहाजातून सुटून आलेली होती.

१८४१ साली इंग्लंडहून नायजर नदीच्या शोधासाठी जहाजे आली. क्राउथर त्या मोहिमेत होते. हिवतापाने अनेक गोरे खलाशी मरण पावले आणि मोहीम फसली. परंतु क्राउथरांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. आफ्रिकेतील लोकांना ज्ञान द्यावयाचे असेल, तर ते त्यांच्याच भाषेतून दिले पाहिजे. त्यांनी योरुबा शब्द जमविण्यास आरंभ केला. १८४३ साली त्यांचा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी लंडन येथे त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

हे काम सोपे नव्हते. योरुबा भाषेत आवाजाच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो. 'ऑकॉ' हा एकच शब्द एका सुरात उच्चारला तर त्याचा अर्थ नवरा, दुसऱ्या सुरात कुदळ, तिसऱ्यात होडी आणि चौथ्यात भाला असा होतो! असे शब्द रोमन लिपीत लिहावे कसे? क्राउथरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांच्या वर आणि खाली खुणा योजून हा प्रश्न सोडविला. ते केवळ पुस्तकांत डोके घालून बसले नाहीत. बाजारात, शेतात, पंचायतीत जाऊन ते वृद्धांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकत आणि अस्सल शब्द व म्हणी टिपून ठेवीत. व्याकरण, शब्दकोश आणि बायबलचे भाषांतर ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे चालविली.

१८४६ साली क्राउथर योरुबांच्या आबेओकुटा या नगरात राहावयास आले. तेथे २१ ऑगस्ट रोजी एक वृद्ध स्त्री त्यांच्या दाराशी आली. ती त्यांची आई आफाला होती. पंचवीस वर्षांनी मायलेकांची भेट होत होती! दोघे एकमेकांकडे नुसते पाहत राहिले. किती तरी वेळ कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. ती माउलीही एकदा सुटली होती, पुन्हा पकडली गेली होती, आणि शेवटी तिच्या मुलींनी कवड्या मोजून तिला सोडविले होते. त्या देशात त्या काळी कवड्या हेच नाणे होते. आपला मुलगा जिवंत असेल, ही आशा तिने केव्हाच सोडली होती.

१८५४ साली क्राउथर पुन्हा नायजरच्या मोहिमेवर गेले. या वेळी हिवताप टाळण्यासाठी सर्वांना क्विनाइन दिले गेले आणि एकही माणूस दगावला नाही. पुढे त्यांनी नायजरच्या काठी शाळा काढल्या आणि इग्बो लोकांच्या भाषेतही पहिले वाचनपुस्तक तयार केले. १८६२ साली मात्र त्यांच्यावर मोठी आपत्ती कोसळली. लागोस येथील त्यांचे घर जळाले. आग लागली तर आधी हस्तलिखिते बाहेर काढावयाची, असा त्यांचा नियम होता. परंतु नेमके त्या वेळी ते घरी नव्हते. अकरा वर्षे जमविलेले शब्द आणि म्हणी राख होऊन गेल्या. त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. १८७५ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली योरुबा लेखनपद्धती ठरविण्यासाठी परिषद भरली, आणि १८८४ साली बायबलचे भाषांतर पूर्ण झाले.

१८६४ साली क्राउथर बिशप झाले. इंग्लंडच्या चर्चमध्ये हे उच्च पद मिळविणारे ते पहिले आफ्रिकी होत. परंतु काळ पालटत होता. युरोपियन राष्ट्रे आफ्रिकेचे तुकडे वाटून घेत होती आणि वर्णाचा अहंकार वाढत होता. काळा मनुष्य गोऱ्यांचा वरिष्ठ असावा, हे अनेकांना खपेना. क्राउथरांच्या काही साहाय्यकांच्या हातून चुका झाल्या होत्या, हे खरे. परंतु त्यांचे निमित्त करून काही तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्यांच्या साऱ्या कार्यावर ठपका ठेवला. १८९० साली त्यांच्यादेखत त्यांचे अधिकार डावलले गेले आणि त्यांची माणसे दूर केली गेली. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाला हा अपमान सोसावा लागला. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. पण कोणाविषयी मनात विष ठेवले नाही. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जागी गोरा बिशप नेमण्यात आला.

सत्य मात्र फार काळ झाकून राहत नाही. क्राउथरांचे नातू हर्बर्ट मॅकॉले हे नायजेरियाच्या राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी झाले. १९६० साली तो देश स्वतंत्र झाला. २०१४ साली कँटरबरीच्या ज्या चर्चमध्ये क्राउथर बिशप झाले होते, तेथेच त्यांच्या स्मरणार्थ प्रार्थना झाली आणि त्यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करण्यात आला.

योरुबा भाषा आज कोट्यवधी लोक बोलतात. तिच्यात वृत्तपत्रे निघतात, कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात, मुले शाळेत धडे वाचतात. एकेकाळी ज्या मुलाची किंमत एका घोड्याइतकी ठरली, त्या मुलाने टिपलेल्या शब्दांवर ही सारी इमारत उभी आहे.