काखेत वही घेऊन

दरवर्षी डिसेंबर उजाडला की आमच्या गावातल्या शाळेतून मला निरोप येतो. बावीस तारखेला राष्ट्रीय गणित दिन आहे, रामानुजनवर दहा मिनिटं बोलाल का? मैत्रिणींनो, मी साधी बी.ए., तेही मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध किराणाच्या यादीपुरता. पण महिला मंडळाच्या कामामुळे चार लोकांत उभं राहून बोलायची भीती गेलीय, म्हणून मला बोलावतात. माझं भाषणही ठरलेलं असायचं. गरीब घर, पाटीवरची गणितं, इंग्लंडचं बोलावणं, रॉयल सोसायटीचा मान. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी नारळ घेऊन घरी यायची.

गेल्या वर्षी मात्र तसं झालं नाही. माझ्या ताईचा मुलगा पुण्यात तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून घरी परत आला होता. परत आला म्हणजे काय, भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. जेवायला हाक मारली तर भूक नाही. आंघोळीला दोन-दोन दिवस सुट्टी. ताई शेजारणींना सांगायची, कसला तरी कोर्स करतोय. त्याचे मित्र घरच्या फोनवर फोन करत. त्यांना नोकऱ्या लागलेल्या, ते ऐकून याला आणखी वाईट वाटेल म्हणून झोपलाय असं सांगत जा, हा सल्ला ताईला मीच दिला होता. हे आधीच कबूल करते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्याच दिवसांत भाषणासाठी म्हणून वाचनालयातून रामानुजनचं जाडजूड चरित्र आणलं, आणि या वेळी पहिल्यापासून वाचलं. पाटी आणि इंग्लंड यांच्या मधली जी वर्षं मी एका वाक्यात उरकत होते, त्यांत मला आमच्या घरचीच खोली दिसायला लागली.

श्रीनिवास रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आईच्या माहेरी, इरोडला. वाढला कुंभकोणमला. वडील साड्यांच्या दुकानात गुमास्ते, महिन्याला वीस रुपयांच्या आसपास पगार. आई कोमलतम्माळ देवळात भजनं म्हणून चार पैसे आणायची, घरात विद्यार्थीही ठेवायची. करती-सवरती बाई. मुलगा शाळेत पहिला, गणिताचं बक्षीस, कॉलेजची शिष्यवृत्ती. आईची मान किती उंच झाली असेल!

आणि मग सोळाव्या-सतराव्या वर्षी गणितानं त्याला असं धरलं की बाकी विषयांकडे बघवेना. इंग्रजीत नापास. शिष्यवृत्ती गेली. सहामाहीची फी बत्तीस रुपये, म्हणजे वडिलांचा दीड महिन्याचा पगार. १९०५ च्या ऑगस्टमध्ये हा मुलगा घरात न सांगता निघून गेला, थेट विशाखापट्टणमला. आईवडिलांनी वर्तमानपत्रात मुलगा हरवल्याची सूचना दिली. सतरा वर्षांचं वय. शरम माणसाला कुठवर पळवते ते बघा.

परत आला. १९०६ मध्ये मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात नाव घातलं, तिथे आव झाली म्हणून पुन्हा घरी. १९०७ मध्ये बाहेरून परीक्षा दिली, गणित सोडून सगळ्यात आपटला. एफ.ए. म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा, ती कधीच पास झाला नाही. त्यानंतर घराच्या ओट्यावर मांडीवर पाटी घेऊन बसायचा. कागद परवडत नव्हता, म्हणून पाटीवर लिहून कोपरानं पुसायचं आणि शेवटचं उत्तर तेवढं वहीत उतरवायचं. शिकवण्या करून बघितल्या, पण धड्याला धरून शिकवणं त्याला जमेना. येणारी जाणारी माणसं काय बोलत असतील ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आईनं आयांचा ठरलेला उपाय केला, लग्न. जुलै १९०९ मध्ये दहाएक वर्षांची जानकी त्याची बायको झाली. वडिलांना हे पसंत नव्हतं, ते लग्नाला गेलेच नाहीत. मुलगा कमवत नाही, डोकं ठिकाणावर नाही, तर लग्न करून द्या, सुधारेल. एकशे पंधरा वर्षं झाली, पण मंडळाच्या कामात आजही महिन्याला एखादं तरी असं घर भेटतंच. जानकीला कुणी विचारलं नसणारच.

१९१० च्या सुरुवातीला त्याचं हायड्रोसीलचं ऑपरेशन झालं. घरात पैसे नव्हते, एका डॉक्टरांनी फुकट केलं. बरा झाला आणि वही काखेत घेऊन नोकरी शोधायला बाहेर पडला. या गावाहून त्या गावाला, ओळखीच्याच्या ओळखीनं. तिरुकोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. भारतीय गणित मंडळ त्यांनीच काढलेलं, आणि त्या मंडळाचं ग्रंथालय आपल्या पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामानुजननं त्यांच्याकडे तालुका कचेरीतली साधी कारकुनी मागितली. त्यांनी वही चाळली आणि नोकरी द्यायला नकार दिला. एवढ्या बुद्धीचा माणूस कचेरीच्या तळाशी गाडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट नेहमी कौतुकानं सांगतात. मला मात्र वाचताना त्यांचा रागच आला. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्याला बुद्धीचं कौतुक काय कामाचं? पण पुढचं वाचून राग थोडा निवळला. त्यांनी त्याला रिकाम्या हातानं घालवलं नाही, मद्रासच्या ओळखीच्या माणसांना चिठ्ठ्या लिहून दिल्या. तिथून तो पोहोचला नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्याकडे. दाढी वाढलेली, कपडे मळके, हातात फाटकी वही. रावांना आधी शंकाच आली, त्यांनी त्याला एक-दोनदा परत पाठवलं. पण तो पुन्हा गेला. शेवटी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तुला काय हवं, असं विचारलं. त्याची मागणी एवढीच, की पोटाची चिंता न करता काम करता यावं. रावांनी आपल्या खिशातून महिना पंचवीस रुपये सुरू केले. मार्कलिस्ट मागितली नाही.

वर्षभरात त्याचा पहिला लेख गणित मंडळाच्या मासिकात छापून आला. पण फुकटचे पैसे त्याला टोचत होते. पुन्हा अर्ज. १९१२ च्या सुरुवातीला अकाउंटंट जनरलच्या कचेरीत वीस रुपयांवर काही आठवड्यांची तात्पुरती नोकरी केली. मग फेब्रुवारीत मद्रास पोर्ट ट्रस्टला अर्ज केला. त्यात त्यानं लपवाछपवी केली नाही. मॅट्रिक झालोय, एफ.ए.पर्यंत शिकलो, अडचणींमुळे पुढे जाता आलं नाही, गणित मात्र स्वतःचं स्वतः करतोय. मधली वर्षं काय करत होतात, हा प्रश्न आज मुलाखतीत आमच्या पोरांचा घसा कोरडा करतो, त्याचं उत्तर त्यानं असं दोन ओळींत दिलं. १ मार्च १९१२ ला तीस रुपये पगारावर कारकून म्हणून रुजू झाला.

ही नोकरी त्याला मानवली. वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार, रात्री दोघं पाट्या घेऊन गणितं सोडवत बसायचे. वरचे साहेब सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही कधी हिशेबाच्या वेळी गणितं का करतोस म्हणून धारेवर धरलं नाही. जानकी आणि कोमलतम्माळ मद्रासला राहायला आल्या. काम सुटू नये म्हणून कालवलेला भात त्याच्या हातावर ठेवला जायचा. १९१३ च्या जानेवारीत याच कारकुनानं केंब्रिजच्या हार्डीसाहेबांना पत्र लिहिलं. त्याआधी विलायतेतल्या दोन प्राध्यापकांकडून काहीच मदत झाली नव्हती. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. मद्रास विद्यापीठाची पंच्याहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती, मार्च १९१४ मध्ये बोट, शेंडी कापली, केंब्रिज.

माझं भाषण इथे टाळ्यांवर संपायचं. गोष्ट संपत नव्हती.

तिकडे गेल्यावर चारच महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं. कट्टर शाकाहारी माणूस, भाज्या मिळेनात, खोलीत एकटाच स्वयंपाक करायचा. एकदा त्यानं एका भारतीय मित्राला त्याच्या होणाऱ्या बायकोसकट जेवायला बोलावलं. स्वतः रांधलं, आग्रहानं वाढलं. तिसऱ्यांदा वाढायला गेला तर पोट भरलं म्हणून पाहुण्यांनी नको म्हटलं. थोड्या वेळानं बघतात तर यजमान गायब. तो ऑक्सफर्डला निघून गेला होता, काही दिवसांनी परतला. वाढलेलं नाकारलं हे इतकं लागलं. मी हे वाचलं आणि मला विशाखापट्टणम आठवलं. नोकरी मिळाली, नाव झालं, तरी आत तो सतरा वर्षांचा मुलगा तसाच होता.

१९१७ मध्ये आजारपण आलं. क्षय म्हणून निदान झालं, एका सॅनेटोरियममधून दुसऱ्यात. (आता कागदपत्रं तपासणाऱ्या एका डॉक्टरांचं मत असं, की तो क्षय नसून आवेच्या जंतूंमुळे यकृताला झालेला आजार असावा, म्हणजे बरा होण्यासारखा.) त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप नाकारली गेली. आणि घरून पत्रं येईनात. म्हणजे त्याला तरी तसंच वाटत होतं. जानकी पत्र लिहायची ते सासूच्या हाती पडायचं आणि पुढे जायचं नाही. त्याचं जानकीला आलेलं पत्रही तिला मिळायचं नाही. दोघांनाही वाटत राहिलं की समोरच्यानं आपल्याला टाकलं. शेवटी सासरचा जाच नको म्हणून जानकी भावाच्या लग्नाचं निमित्त करून निघून गेली.

१९१८ च्या सुरुवातीला रामानुजननं लंडनमध्ये भुयारी रेल्वेपुढे उडी घेतली. एका गार्डनं पाहिलं, गाडी थांबवली, तो वाचला. तेव्हा इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, पोलिसांनी त्याला धरलं. हार्डी धावत गेले, शब्द टाकून सोडवून आणलं. (आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसावर मोठा ताण होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे, असं ठरवलं.) काही आठवड्यांतच रॉयल सोसायटीवर निवड झाल्याची बातमी आली. इतकी वर्षं मी शाळेत तो मानाचा क्षण सांगायची, आधीचे आठवडे मला ठाऊकच नव्हते.

हे पान वाचलं त्या रात्री मी ताईकडे गेले. कोमलतम्माळवर मला फार चिडता येईना. तिनंही मुलाच्या भल्यासाठीच केलं असेल, असं तिला वाटलं असणार. मी नव्हतं का केलं? भाच्याला सांगितलं, तुझ्या मित्रांचे सात-आठ फोन आले होते, आम्ही तुला दिले नाहीत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, मावशी, कुणाकुणाचे? नावं सांगितली तशी रडायला लागला. त्याला वाटत होतं सगळे विसरले.

मग त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेलो. ताईची अट एकच, एसटीनं नको, ओळखीचं कुणी भेटेल. गोळ्या सुरू झाल्या. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आणि मराठीत, तो आम्ही फ्रिजवर चिकटवलाय. तुमच्या घरी गरज नसली तरी लिहून ठेवा, शेजारी लागतो. नोकरी अजून नाही. सकाळी दोन तास एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. त्याला फॉर्म भरायची सवय भरपूर, असं स्वतःच म्हणतो आणि हसतो.

रामानुजन २७ मार्च १९१९ ला बोटीनं मुंबईला उतरला. धक्क्यावर आई आणि भाऊ न्यायला आले होते. त्यानं पहिलं विचारलं, जानकी कुठेय. मग निरोप गेला, ती मद्रासला आली. लग्नाला दहा वर्षं होत आली होती, आणि पुन्हा एकत्र असे त्यांना मिळालं ते हे एक वर्ष, तेही आजारपणाचं. तो चिडायचा, हट्ट करायचा आणि मधेच गणित लिहीत बसायचा. जानकी रात्री-बेरात्री गरम पाण्यानं छाती-पाय शेकायची. २६ एप्रिल १९२० ला तो गेला. बत्तीस वर्षांचा.

जानकीला तेव्हा विशी-एकविशी. ती मुंबईला भावाकडे आली, काही वर्षं राहिली, तिथे शिवणकाम आणि थोडं इंग्रजी शिकली. १९३१ मध्ये मद्रासला परत गेली, त्रिप्लिकेनमध्ये खोली घेऊन मशीन चालवलं, विद्यापीठाचं वीस रुपये पेन्शन जोडीला होतं. पुढे एका मैत्रिणीचा पोरका मुलगा सांभाळला, शिकवला. नवऱ्याचा पुतळा कुणी उभारला नाही ही खंत तिनं म्हातारपणी बोलून दाखवली, तेव्हा जगभरच्या गणितज्ञांनी पैसे जमवून तिला त्याचा अर्धपुतळा करून दिला. १९९४ मध्ये ती गेली. घरी आलेल्यांना ती दोन जुनी भांडी दाखवायची, शेकायला पाणी तापवायची तीच.