फ्रेडरिक जोन्स : ट्रकवर थंडी बसवणारा माणूस

मेकॅनिकलच्या मुलांना कॅरिअर हे नाव पाठ असतं, कारण ते एसीच्या डब्यावरच लिहिलेलं असतं. फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स हे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असेल. हायवेवर थर्मो किंग लिहिलेला पांढरा डबा कपाळावर घेऊन जाणारे कंटेनर पाहिलेत ना? तो डबा या माणसाचा!

जोन्सचा जन्म १८९३ चा. वडील आयरिश वंशाचे गोरे, आई कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकेत अशा मुलाच्या वाट्याला काय येत असेल ते सांगायला नकोच. आई लहानपणीच दुरावली आणि वडिलांनी सातव्या वर्षी त्याला एका कॅथलिक फादरकडे ठेवलं. तिथे झाडलोट, स्वयंपाकघर आणि थोडी शाळा. (मी कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली आहेत, त्यामुळे ती शिस्त काय असते ते मला विचारा.) अकराव्या-बाराव्या वर्षी पठ्ठ्या तिथून निघाला आणि एका गॅरेजमध्ये झाडू मारायला लागला. झाडू मारता मारता गाड्या दुरुस्त करायला शिकला, आणि मिसरूड फुटायच्या वयात त्याच गॅरेजचा फोरमन झाला. शाळा तेवढीच. डिग्री नाही, डिप्लोमा नाही.

१९१२ मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या हॅलॉक या गावी आला. कॅनडाच्या सीमेजवळचं हे गाव, हिवाळा भयंकर. तिथे एका मोठ्या शेतावरची यंत्रं त्याच्या ताब्यात होती. फावल्या वेळात पुस्तकं वाचून इलेक्ट्रिकल शिकला. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाऊन फ्रान्सला आला-गेला. परत आल्यावर गावच्या रेडिओ स्टेशनसाठी ट्रान्समीटर बनवला. बोलपट आले तेव्हा गावच्या थिएटरला महागडी मशीन परवडेना, तर याने भंगारातल्या सामानातून आवाजाची यंत्रणा जुळवली. ते ऐकून मिनिआपोलिसच्या जोसेफ न्यूमेरो नावाच्या धंदेवाल्याने १९३० च्या सुमारास त्याला नोकरीवर घेतलं. न्यूमेरो सिनेमाच्या साउंडची यंत्रं विकायचा. इथवर जोन्सचा आणि थंडीचा काही संबंध नाही, हे लक्षात ठेवा.

त्या काळी मांस, कोंबड्या, भाजी ट्रकमधून न्यायची तर बर्फाच्या लाद्या टाकून. बर्फ वितळला आणि ट्रक वाटेत उभा राहिला की माल गेला! न्यूमेरोच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचा कोंबड्यांचा माल असाच सडला. न्यूमेरोने गमतीगमतीत त्याला थंड ट्रक बनवून देतो असं सांगून टाकलं आणि काम आलं जोन्सच्या गळ्यात.

व्हेपर कॉम्प्रेशन सायकल आपण पेपरात पाच मिनिटांत काढतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन, इव्हॅपोरेटर, झालं. पण ती ट्रकवर बसवायची म्हणजे खड्ड्यांचे धक्के, धूळ, चिखल सगळं आलं. शिवाय कॉम्प्रेसर फिरवणार कोण? ट्रकच्या इंजिनाचा वेग सारखा बदलतो, आणि ट्रक उभा करून इंजिन बंद केलं की थंडीही बंद. जोन्सने सरळ वेगळं छोटं पेट्रोल इंजिन लावलं. ट्रक पळो की ढाब्यावर उभा राहो, डबा आपला थंडच!

१९३८ चं पहिलं युनिट वजनाला भलतंच भारी होतं, आणि ट्रकच्या पोटाखाली बसवल्याने चिखलाने बेजार व्हायचं. मग त्याने ते हलकं केलं आणि समोर, वरच्या बाजूला नेलं. आजही ते तिथेच असतं. मला स्वतःला सर्वांत आवडतं ते त्याचं १९४३ चं पेटंट : गॅस इंजिन आपोआप बंद आणि सुरू करण्याची व्यवस्था. म्हणजे मधे माणूस नाहीच, ड्रायव्हर खुशाल झोपू दे!

दुसऱ्या महायुद्धात त्याची युनिट्स आघाडीवर रक्त, औषधं आणि अन्न टिकवायला गेली. १९४४ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ रेफ्रिजरेशन इंजिनिअर्सने त्याला सभासद करून घेतलं. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. एकूण साठच्या वर पेटंट्स, त्यात तिकीट देणारं मशीनसुद्धा आहे.

गंमत अशी की ड्रायव्हर झोपायचा खरा, पण कसा? मागे कोंबड्या गारेगार आणि पुढे केबिनमध्ये माणूस घामाने भिजलेला, नाहीतर थंडीने काकडलेला. उपाय एकच, ट्रकचं मोठं इंजिन रात्रभर चालू ठेवायचं. त्यात तासाला साधारण ३ लिटर डिझेल जातं. अमेरिकेत ड्रायव्हरला सलग १० तास विश्रांतीचा नियम आहे, म्हणजे एका झोपेला ३० लिटर! आपल्याकडेही २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण तो मुख्य इंजिनावरच चालत असेल तर इंजिन बंद, एसी बंद. यावर थर्मो किंगनेच पुढे ट्रायपॅक नावाचं युनिट काढलं : केबिनसाठी वेगळं छोटं डिझेल इंजिन, त्यावर एसी, आणि थंडीसाठी डिझेलवरचा हीटर. कल्पना जोन्सचीच, फक्त मालाकडून माणसापर्यंत यायला तिला कित्येक दशकं लागली.

जोन्सने हे पाहिलं नाही. १९६१ मध्ये मिनिआपोलिसला फुप्फुसाच्या कॅन्सरने तो गेला. १९९१ मध्ये अमेरिकेने त्याला आणि न्यूमेरोला मिळून नॅशनल मेडल ऑफ टेक्नॉलॉजी दिलं. तेव्हा दोघेही हयात नव्हते, पदकं त्यांच्या पत्नींनी घेतली.