लोहाराचा पोर

मायकेल फॅरडे आपल्याला भेटतो तो सूत्रात. बारावीला भेटतो, फर्स्ट इयरला भेटतो आणि अपारंपरिक मशिनिंगच्या पेपरात पुन्हा दत्त म्हणून उभा राहतो. या वेळी मी सूत्रामागचा माणूस शोधायला लायब्ररीत बसलो, तर तो चक्क आपल्यातलाच निघाला.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स इथे तो जन्मला. वडील लोहार, तेही आजारी. शाळा लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी रीबो नावाच्या बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला, तो सात वर्षं. बांधायला आलेली पुस्तकं हा पठ्ठ्या वाचूनही काढायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेटबाईंचं रसायनशास्त्राचं पुस्तक, हेच त्याचं कॉलेज!

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. यानं नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पानं स्वतः बांधून थेट डेव्हींना पाठवली. (आपण नोट्स झेरॉक्स करतो, तेही आदल्या रात्री.) मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला. त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोप दौऱ्यावर गेला, तिथे डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखं वागवलं. परत फिरावं असंही मनात आलं, पण गडी टिकला.

पुढची गोष्ट आपल्या पुस्तकात नसते. १८१८ पासून जेम्स स्टोडार्ट या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने पोलादावर प्रयोग केले. सुरुवात होती भारतीय वूट्झ पोलादापासून. त्याचे नमुने १७९० च्या दशकात मुंबईच्या डॉ. स्कॉट यांनी लंडनला पाठवले होते, आणि स्टोडार्टने ते तेव्हाच हाताळले होते. फॅरडेने वूट्झचं पृथक्करण केलं. त्यातून काढलेला निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण प्लॅटिनम, ऱ्होडियम, चांदी घालून मिश्र पोलाद करून पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. लोहाराचा पोर शेवटी भट्टीपाशी आलाच!

१८२१ मध्ये त्याने विजेने तार फिरवली, १८३१ मध्ये चुंबकाने वीज निर्माण केली. १८३३-३४ मध्ये विद्युत अपघटनाचे नियम मांडले: जितका विद्युतभार वाहील, त्या प्रमाणात धातू विरघळेल किंवा साचेल. उच्च गणित त्याला येत नव्हतं; ते काम नंतर मॅक्सवेलने केलं.

आता गंमत बघा. त्या नियमात अणुभार आहे, संयुजा आहे, करंट आहे, वेळ आहे. कठीणपणा कुठेच नाही. १००० अँपिअर एक मिनिट सोडा, साधारण १७ ग्रॅम लोखंड विरघळेल, मग ते मऊ असो की पाणी दिलेलं. टंगस्टन कार्बाइड किंवा इन्कोनेल नुसतं घासायला गेलो की चाक झिजतं, जॉब तापतो, कडेला बर येते. म्हणून इलेक्ट्रोकेमिकल ग्राइंडिंगमध्ये दोन्ही एकत्र आणतात. जॉब ॲनोड, धातूच्या बंधातलं हिऱ्याचं चाक कॅथोड, मध्ये सोडियम नायट्रेटसारख्या क्षाराचं पाणी. वीज धातू विरघळवते, पण पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो आणि काम मंदावतं. चाकाचे कण तो थर खरवडतात, शिवाय चाक आणि जॉब यांत बारीक फट राखतात. नव्वद टक्क्यांहून जास्त धातू वीज काढते, उरलेला चाक. पण ते थोडं खरवडणं थांबलं तर विजेचंही अडतं.

फॅरडेचं आयुष्य मला तसंच वाटतं. पुस्तकातली विद्या पुष्कळ, पण बाइंडिंग आणि भट्टीवर तयार झालेला हात नसता तर ती तिथेच थर धरून बसली असती. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारून, सर न होता, २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.

मराठी मीडियमचे, डिप्लोमाचे, गावाकडून आलेले आपण पुष्कळ जण वर्कशॉपमध्ये तरबेज असतो आणि व्हायवाला मान खाली घालतो. दोस्तांनो, हात चालतोय ना? मग मान वर ठेवा. आणि ज्यांचे नुसते मार्क चांगले आहेत, त्यांनी एकदा वर्कशॉपकडेही फिरकावं.