डायोडचे ब्राउन सर

टीव्हीचा पॉवर सप्लाय बोर्ड कधी उघडून पाहिलाय? फ्यूज उडालेला, शेजारी एक डायोड जळून काळा, आणि त्यावरचा नंबर पार गायब. रिपेअरिंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा बेनाम डायोड येतोच. त्याचं नाव-गाव शोधू या, पण आधी ज्यांच्यापासून डायोड आणि टीव्ही दोन्हींची गोष्ट सुरू होते, त्यांना भेटा. कार्ल फर्डिनांड ब्राउन. (ट्रिमरवाली ब्राउन कंपनी वेगळी बरं का!)

जन्म ६ जून १८५०, जर्मनीतल्या फुल्डा गावचा. १८७२ मध्ये, म्हणजे साधारण माझ्याच वयात, त्यांनी बर्लिनमधून डॉक्टरेट मिळवली. आणि मग? चक्क शाळेत मास्तर झाले. लाइपझिगच्या थॉमस शाळेत ते शिकवत होते.

१८७४ मध्ये त्यांनी धातूंच्या सल्फाइडच्या स्फटिकांवर बारीक तार टेकवून वीज सोडली. एका दिशेने वीज सहज जाते, उलट दिशेने अडते! ओहमचा नियम इथे लागूच पडेना. असं का होतं, हे त्यांना सांगता आलं नाही, कारण त्यासाठी लागणारं भौतिकशास्त्र तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. धातू आणि अर्धवाहक भेटतात तिथे काय घडतं, हे वॉल्टर शॉट्की यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी मांडलं. तुमच्या बोर्डवरचा शॉट्की डायोड म्हणजे ब्राउन सरांच्या त्या तारेचाच वंशज.

आता आपला बेनाम डायोड. प्लग काढला म्हणून लगेच हात घालू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज साठलेला असू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवा, मीटरने खात्री करा. मग डायोडचा एक पाय सोडवून मल्टिमीटर डायोड मोडवर लावा. ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा आला तर साधा सिलिकॉन, ०.१५ ते ०.३ आला तर बहुधा शॉट्की. झेनर मात्र इथे फसवतो, साध्यासारखाच दिसतो. त्याला दहा किलोओहमच्या रेझिस्टरमधून ३० व्होल्टचा डीसी सप्लाय उलटा द्या; त्याच्या दोन टोकांवर जो व्होल्टेज स्थिर राहील, तोच त्याचा आकडा. (३० च्या वरचा झेनर असेल तर सप्लायही वरचा लागतो.)

दोन्ही बाजूंनी शून्य आलं तर डायोड शॉर्ट, आणि मीटरचं काम संपलं. मग जागा बघा. मेन्सजवळचे चार असतील तर साधे ब्रिजचे. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा असेल तर फास्ट रिकव्हरी किंवा शॉट्की. तिथे स्वस्तातला साधा डायोड ठोकलात तर तो तापून पुन्हा जळणार, कारण तिथे करंट सेकंदाला हजारो वेळा उलटतो.

ब्राउन सर पुढे स्ट्रासबर्गला प्राध्यापक झाले. तिथे १८९७ मध्ये त्यांनी कॅथोड रे ट्यूब बनवली. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर आपटून चमकतो, चुंबकाने इकडेतिकडे वळतो. त्यांना फक्त बदलता करंट डोळ्यांनी बघायचा होता. या नळीचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही! आजीच्या घरी असलेला तो डब्बा टीव्ही आठवतोय? त्याची काच म्हणजे हीच नळी. जपानमध्ये तिला आजही ब्राउनची नळी म्हणतात, आणि ताकायानागी यांनी १९२६ मध्ये तिच्यावरच जपानी लिपीतलं एक अक्षर उमटवलं होतं.

बिनतारी संदेशाच्या कामासाठी १९०९ चं नोबेल त्यांना मार्कोनींबरोबर विभागून मिळालं. पण शेवट वाईट झाला. १९१४ च्या अखेरीस, महायुद्ध चालू असताना, तब्येत खालावलेली असूनही ते बिनतारीच्या पेटंटच्या खटल्यात साक्ष द्यायला अमेरिकेत गेले. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि हा नोबेलवाला म्हातारा रातोरात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. परतीची वाट बंद. २० एप्रिल १९१८ ला ब्रुकलिनमध्ये ते गेले. युद्ध संपायला तेव्हा जेमतेम सात महिने उरले होते. त्यांच्या अस्थी १९२१ मध्ये फुल्डाला पोचल्या.