गादीवरून स्वतःहून उतरलेला राजा

आमचं गाव कुरकुंभ. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला ते एम.आय.डी.सी. आणि तिथल्या वासामुळे कळतं, भाविकांना फिरंगाई देवीच्या डोंगरामुळे. पण हा लेख आमच्या गावावर नाही. तो सुरू होतो आमच्या विहिरीवरच्या पंपापासून. त्या पंपावरचं ‘किर्लोस्कर’ हे नाव मी अक्षर ओळखायला लागलो तेव्हापासून वाचतोय. मेकॅनिकलला ॲडमिशन घेतल्यावर वाटलं, हा कारखाना उभा राहिला कसा ते बघावं. आणि बघता बघता मी एका राजापाशी जाऊन पोचलो.

राजाचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ऊर्फ बाळासाहेब. संस्थान औंध. (पुण्यातलं औंध नव्हे! सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात यमाईच्या डोंगराखालचं औंध.) संस्थान केवढं? अवघी 72 गावं, तीही सलग नाहीत, सातारा-सांगली भागात तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली. माझा रूममेट आटपाडीचा. त्याला विचारलं तर म्हणाला, आमची आटपाडी औंध संस्थानातच होती की! दोन वर्षं एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं.

बाळासाहेबांचा जन्म 1868 चा. त्या काळात ते बी.ए. झाले. ते धाकटे, त्यामुळे गादी मिळेल असं काही नव्हतं. पण घराण्यातल्या उलथापालथीनंतर 1909 मध्ये इंग्रज सरकारने त्यांना गादीवर बसवलं. तेव्हा वय चाळीस उलटून गेलेलं.

पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत होते. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागत होती. राजेसाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा 32 एकर माळ दिला आणि 10 हजार रुपयांचं कर्ज दिलं. माळ कसला, निवडुंग आणि साप! त्याची झाली किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगर तिथे ओतले गेले, पुढे पंप आले. म्हणजे आमच्या विहिरीचं नातं थेट औंधच्या गादीशी निघालं.

हा माणूस हरहुन्नरी होता. स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. सूर्यनमस्कार रोज घालायचा आणि शाळेतल्या पोरांकडूनही घालून घ्यायचा. 1938 मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारावरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी 1 लाखाची देणगी जाहीर केली. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेलं संग्रहालय आजही आहे. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पही आहे. हे सगळं छानच. पण असे हौशी राजे आणखीही होऊन गेले. माझी खरी गोष्ट पुढेच आहे.

शाळेत आपण इंग्लंडचा इतिहास घोकला. 1215 मध्ये सरदारांनी राजाला कोंडीत पकडून सनदेवर मान्यता घेतली. 1649 मध्ये पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं. 1689 मध्ये हक्कांचा कायदा झाला. त्यानंतरही राजाच्या हातातली सत्ता पार्लमेंटकडे जायला आणखी दोनेकशे वर्षं लागली. एकाही राजाने हसत हसत काही सोडलं नाही. प्रत्येक हक्क ओढून घ्यावा लागला. औंधला मात्र उलटं झालं. तिथे राजानेच सत्ता काढून समोर ठेवली.

झालं असं. राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब इंग्लंडात शिकून 1937 च्या सुमारास परत आले. बंगळूरला त्यांची गाठ मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाशी पडली. हा तिथल्या सरकारी विद्युत कारखान्यातला इंजिनिअर. (होय, आपल्याच जातकुळीतला!) गांधीजींच्या विचाराने भारलेला. अप्पासाहेबांनी त्याला औंधला आणलं. बापलेक आणि हा इंजिनिअर यांच्यात चर्चा झाली, आणि 1938 च्या अखेरीला सत्तरी गाठलेल्या राजाने जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती द्यायचा.

मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला. जानेवारी 1939 मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. रचना खालून वर जाणारी. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, त्यांतून तालुक्याचं मंडळ आणि त्यांतून वरचं विधिमंडळ. कारभार मंत्र्यांनी करायचा आणि ते विधिमंडळाला जबाबदार. गांधीजींचा आग्रह होता की मत हवं असेल त्याने लिहा-वाचायला शिकावं. आज आपल्याला ही अट टोचते आणि टोचायलाच हवी, कारण आपल्या राज्यघटनेने अडाण्यालाही तेवढंच मत दिलं.

याच दिवसांत आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ नावाची कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाही, कुलूप नाही. कैद्यांनी शेती करायची. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची (1957) प्रेरणा हीच. म्हणजे राजाने प्रजेवर विश्वास टाकला आणि प्रजेने कैद्यांवर.

मला एक शंका आली. राजाच्या डोक्यावर इंग्रज होताच, मग त्याने सोडलं ते काय? पण नीट विचार केला तर सारावसुली, खजिना, न्याय, नेमणुका हे सगळं संस्थानाच्या हातात होतं, आणि तेच त्याने सोडलं. शेजारच्या संस्थानिकांना हे रुचणं शक्य नव्हतं. पुढे बेचाळीसनंतर प्रतिसरकारची मंडळी इंग्रज पोलिसांना चकवत फिरत होती, तेव्हा औंध संस्थानातलं कुंडल हे त्यांचं मोठं ठाणं होतं.

हा प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला. मार्च 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. 13 एप्रिल 1951 रोजी राजेसाहेब गेले. अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत झाले. फ्रीडमन भारतातच राहिला आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं त्याने इंग्रजीत नेली.

एक गंमत सांगतो. ‘प्रतिनिधी’ हे पद राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला निर्माण झालं. अर्थ, छत्रपतींचा प्रतिनिधी. पुढे छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे गेली, प्रतिनिधी आपापल्या जहागिरीत राजे झाले. आणि त्याच घराण्यातल्या शेवटच्या सत्ताधीशाने गावोगावी लोकांचे प्रतिनिधी उभे केले. शब्दाचा अर्थ जिथे जायला हवा होता तिथे अडीचशे वर्षांनी पोचला.

आता हे सगळं मी का लिहितोय? तर गेलं वर्षभर मी हॉस्टेलचा मेस सेक्रेटरी होतो. किती किरकोळ पद! पण भाजीवाला नमस्कार करायचा, आचारी विचारल्याशिवाय मेनू बदलायचा नाही, हिशेबाची वही माझ्याच कपाटात. टर्म संपत आली तेव्हा मी मनातल्या मनात ‘आपला माणूस’ शोधायला लागलो होतो, वही त्याच्याकडेच राहावी म्हणून. कुणी हिशेब मागितला की मला राग यायचा. चोरी केली नव्हती, तरी यायचा. एका वहीची ही कथा, तर 72 गावांचं काय होत असेल!

गेल्या महिन्यात मी ती वही मेसच्या दारात खिळ्याला टांगली. पहिल्याच दिवशी फर्स्ट इयरच्या एका पोराने बेरजेतली माझी 340 रुपयांची चूक काढली. चारचौघांत कान तापले. पण चूक खरी होती.

यमाईच्या डोंगरावर एकदा जाऊन या. चित्रं बघाच. आणि परतताना जरा विचार करा, की आपल्या कपाटात कुठली वही पडून आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)