पाच डॉलरची गोधडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. माझा हात सुईला सरावलेला, लेखणीला नव्हे. पण मंडळाच्या गोधडी-वर्गात दोरा ओवता ओवता मी एका बाईची हकिकत तुकड्यातुकड्यांनी सांगत आले आहे. ती एकदा सलग लिहून काढा, असा वर्गातल्या भगिनींनीच आग्रह धरला आणि माझी सुटका राहिली नाही.

ही बाई आपल्याकडची नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे, तिथली. नाव हॅरिएट पॉवर्स. गोधडी शिवणाऱ्या बायकांत तिचे नाव तिकडे मोठ्या मानाने घेतात. मी मात्र तिला ‘ती’ असेच म्हणणार आहे. आजीला आपण कधी अहोजाहो करतो का?

हॅरिएटचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ चा, आणि तो गुलामगिरीतला. म्हणजे आई दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून पोटची मुलगीही जन्मतःच दुसऱ्याच्या मालकीची. जॉर्जियाचा तो मुलूख कापसाचा. आपल्या वऱ्हाड-खानदेशासारखी पांढऱ्या बोंडांनी भरलेली शेते. फक्त वेचणाऱ्या हातांना मजुरी नाही. गुलामांना लिहावाचायला शिकवू नये असा कायदाच त्या राज्यात १८२९ साली झाला होता. तरीही मालकाच्या घरातल्या गोऱ्या मुलांच्या संगतीने हॅरिएटने अक्षरे उचलली आणि पुढे स्वतःच्या खटपटीने ती वाढवली. ही गोष्ट जगाला फार उशिरा कळली, ती कशी ते पुढे येईलच.

१८५५ साली, अठराव्या वर्षी, तिचे लग्न आर्मस्टेड पॉवर्स याच्याशी झाले. मुले निदान नऊ झाली आणि त्यांतली कित्येक हाती लागली नाहीत. आपल्या पणजी-आज्यांच्या हकिकती ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही.

मग १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आले. याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत शेअरबाजाराचे वेड पसरले. १८६५ मध्ये युद्ध थांबले तसा तो फुगा फुटून पुष्कळ घराणी बुडाली. ही गोष्ट आपण मुंबईच्या इतिहासात वाचतो. त्याच साली तिकडे लाखो माणसे मोकळी झाली आणि त्यांत एक बाई अठ्ठावीस वर्षांची, हातात सुई धरणारी होती, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

मोकळे होणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. नवऱ्याने शेतमजुरी केली, तिने घर, मुले आणि शिवण सांभाळले. पै-पै जोडून १८८० नंतरच्या दशकात या दोघांनी अथेन्स गावाजवळ चार एकर जमीन घेतली. (हे अथेन्स जॉर्जियातले, ग्रीसमधले नव्हे.) जी माणसे स्वतःच विकली जात होती त्यांनी जमीन विकत घेतली, हे क्षणभर मनात आणून पाहावे.

याच काळात तिने ती गोधडी शिवली. आपल्या गोधडीहून तिची रीत थोडी निराळी. आपण जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे येतो आणि वर ठिगळांची शोभा करतो. तिने कापड कातरून माणसे, पशू, पक्षी, सूर्य, तारे अशा आकृत्या केल्या आणि त्या मोठ्या कापडावर बसवून शिवल्या. काही काम हाताचे, काही यंत्रावरचे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आज बेनिन म्हणतात त्या देशात कापडी आकृत्या शिवण्याची अशीच जुनी परंपरा आहे आणि अभ्यासक दोहोंतले साम्य दाखवतात. गोधडीत अकरा चौकटी. विषय सारे बायबलातले: आदाम आणि एवा बागेत, काइन भावाला मारतो आहे, याकोब स्वप्नात शिडी पाहतो आहे, येशूचा बाप्तिस्मा, शेवटचे भोजन, क्रूस. एका चौकटीत यहूदा आणि ज्यांसाठी त्याने गुरूला दगा दिला ती तीस नाणी. चित्रकथी चित्रांतून रामायण मांडतात तसे तिने आपले पुराण चादरीवर मांडले.

१८८६ साली अथेन्सला कापसाची जत्रा भरली, त्यात तिने ही गोधडी टांगली. जेनी स्मिथ नावाची एक गोरी बाई तिथे आली. ती चित्रकार होती आणि गावातल्या मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवी. तिची नजर गोधडीवर खिळली. मालकिणीचा शोध काढून ती घरी गेली आणि गोधडी विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. कितीही पैसे मिळाले तरी द्यायची नाही, असे तिचे म्हणणे पडले.

इथे हकिकत संपली असती तर मी ती सांगत बसले नसते.

चार-पाच वर्षे गेली. दिवस वाईट आले. तिने आपण होऊन निरोप धाडला की गोधडी द्यायची आहे. त्या वेळी नेमका स्मिथबाईंच्या हाती पैसा नव्हता. पुढे जुळून आल्यावर त्यांनी उलट निरोप पाठवला. हॅरिएट नवऱ्याबरोबर बैलगाडीतून आली. मांडीवर गोधडी, स्वच्छ पिठाच्या पिशवीत गुंडाळलेली, आणि वरून गोणपाट. तिने दहा डॉलर सांगितले. स्मिथबाईंनी पाचच देता येतील असे कळवले. तिने बाहेर जाऊन नवऱ्याचा विचार घेतला. काळ कठीण आहे, घे, असे त्याचे मत पडले आणि तिने गोधडी दिली.

स्मिथबाईंना दोष द्यावा की नाही, यावर आमच्या वर्गात दोन तट आहेत. काही भगिनी म्हणतात, पाच डॉलर देताना लाज कशी वाटली नाही? मला स्वतःला वाटते की त्या बाईने किंमत कमी दिली हे खरेच, पण एक गोष्ट तिने केली जी कोणीच करत नाही. हॅरिएट निघण्यापूर्वी एकेका चौकटीवर बोट ठेवून त्यात काय आहे ते सांगत गेली आणि स्मिथबाईंनी ते सारे लिहून घेतले. शेवटच्या भोजनात बाकी सगळ्यांना पांढरी वस्त्रे आणि यहूदाला तेवढे मळकट कापड का, हे आज आपल्याला कळते ते त्या टिपणामुळे.

शिवाय व्यवहार झाला तरी जीव तुटला नव्हता. हॅरिएट पुढे कितीदा तरी त्या घरी आपली गोधडी नुसती पाहायला जाई. सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावे तशी. आपल्याकडच्या सगळ्या चिंध्या तुझ्यासाठी जपून ठेवीन, असे स्मिथबाईंनी कबूल केले तेव्हा कुठे तिचे थोडेसे समाधान झाले.

१८९५ साली अटलांटा शहरी मोठे प्रदर्शन भरले. स्मिथबाईंनी गोधडी तिथे नेली आणि ती पुष्कळांच्या नजरेत भरली. तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या बायकांनी ती पाहून हॅरिएटकडून दुसरी गोधडी करवून घेतली, असे सांगतात. १८९८ साली ती एका धर्मोपदेशकाला भेट म्हणून गेली.

ही दुसरी मला जास्त आवडते. तिच्यात पंधरा चौकटी. बायबल आहेच, पण जोडीला लोकांच्या तोंडी असलेल्या खऱ्या घटना आहेत. १९ मे १७८० रोजी भरदिवसा अंधार पडला होता, तो दिवस. १३ नोव्हेंबर १८३३ ची उल्कावृष्टी, जिला लोक तारे गळाल्याची रात्र म्हणत. ती तर हॅरिएटच्या जन्माआधी चार वर्षे झाली. म्हणजे थोरामोठ्यांकडून ऐकूनच तिने शिवली. फेब्रुवारी १८९५ मधला कडाक्याच्या थंडीचा दिवस, माणसे जागच्या जागी गोठलेली. आणि एक डुकरीण, बेट्स नावाची, जी जॉर्जियातून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल पळत गेली! गोधडीवर डुकरीण काढावी हे आपल्याला सुचले नसते. पण पाचशे मैल पळून जाणाऱ्या जिवाचे कौतुक गुलामगिरी भोगलेल्या बाईला वाटले, यात नवल नाही.

घरची स्थिती मात्र सुधारली नाही. १८९१ पासून जमिनीचे तुकडे विकावे लागले. पुढे नवरा वेगळा राहू लागला. ती शिवणावर गुजराण करत राहिली. त्या सुमाराचे तिचे एक छायाचित्र आहे. अंगावर एक एप्रन, त्यावर गोधडीत असतात तसेच सूर्य-तारे शिवलेले. चेहरा गंभीर, मान ताठ. १ जानेवारी १९१० रोजी ती वारली. पुस्तकांतून कितीतरी वर्षे १९११ साल छापले जात होते. २००५ साली अथेन्सच्या जुन्या दफनभूमीत तिच्या कबरीचा दगड सापडला तेव्हा खरी तारीख कळली.

गोधड्यांनी मात्र मोठा प्रवास केला. जेनी स्मिथ १९४६ साली गेल्या. त्यांच्या सामानात पहिली गोधडी आणि ते टिपण सापडले, आणि आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरी १९६४ पासून बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. २००९ साली एका लेखिकेने हॅरिएटचे १८९६ मधले एक पत्र उजेडात आणले. आयोवा राज्यातल्या एका बाईंना लिहिलेले. त्यात ती स्वतःचा जन्म, अक्षरे कशी शिकले, आणखी कोणत्या गोधड्या केल्या, सारे सांगते. तोवर विद्वान मंडळी तिला निरक्षर समजत होती! त्या आणखी गोधड्या कुठे गेल्या, कोणाला ठाऊक नाही.

आता हे सारे माझ्या डोक्यात कुठून आले ते सांगते. माझी भाची बोस्टनला असते. २०२१ साली तिथल्या संग्रहालयात या दोन्ही गोधड्या पहिल्यांदाच एका ठिकाणी मांडल्या होत्या. मावशीला गोधड्यांचे वेड, म्हणून तिने फोटो पाठवला. मी तो पाहिला आणि माझ्या पोटात गलबलले, ते वेगळ्याच कारणाने.

आमच्या सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या. त्या गोधडीला वाकळ म्हणत. माझ्या थोरल्याच्या वेळी त्यांनी एक वाकळ शिवली. मध्ये हिरवे खणाचे चौकोन, कडेला तांबडा काठ. शिवताना त्या काहीबाही सांगत असत: हा तुकडा कोणाच्या लुगड्याचा, तो कोणत्या वर्षीचा. मी हूं हूं करत असे. लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. त्या गेल्यानंतर एका दिवाळीआधी घराला रंग द्यायला काढला. रंगाऱ्याने फरशीवर टाकायला काहीतरी जुनेपाने मागितले आणि मी ती वाकळ दिली. चुन्याने आणि रंगाने ती कडक झाली. शेवटी गेली कचऱ्यात. पाच डॉलरसुद्धा आले नाहीत म्हणायचे.

त्यातला एकच तुकडा आज मला ओळखता येईल, तांबडा काठ. तो त्यांच्या आईच्या लुगड्याचा. बाकीचे सांगणारे कोणी उरले नाही.

म्हणून आमच्या वर्गात मी एक वही ठेवली आहे. गोधडी पुरी झाली की शिवणारीने चौकटीवर बोट ठेवून सांगायचे आणि कोणीतरी लिहून घ्यायचे. पहिल्या दिवशी सगळ्या हसल्या. त्यात लिहिण्यासारखे काय, असे म्हणाल्या. मग आमच्यातल्या एक आजी, ज्या एरवी तासभर बोलत नाहीत, एका फिक्या जांभळ्या तुकड्यापाशी थांबल्या. ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे परकर-पोलक्याचे कापड होते. ती बहीण नवव्या वर्षी तापाने गेली. तिचे नाव घरात साठ वर्षे कोणी घेतले नव्हते. ते आता वहीत तिसऱ्या पानावर आहे.

मागच्या विक्रीत एक गिऱ्हाईक जुन्या साड्यांच्या चिंध्याच तर आहेत म्हणून भाव निम्म्यावर आणत होते. टेबलाशी बसलेल्या भगिनीने वाद घातला नाही. वही उघडून त्या गोधडीचे पान वाचून दाखवले. गिऱ्हाईकाने पूर्ण किंमत दिली का? नाही दिली, घेतलीच नाही. गोधडी परत कपाटात आली आणि जिने शिवली होती तिने ती दुसऱ्या दिवशी घरी नेली.

वहीची पाने अजून पुष्कळ कोरी आहेत. वर्ग दर गुरुवारी दुपारी तीन वाजता असतो. ज्यांच्या घरी आईची, सासूची, आजीची गोधडी असेल त्यांनी ती घेऊन यावे, आणि सांगणारी हयात असेल तर तिलाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणावी. गेल्या साली दोन भिजल्या.