ज्युलियस न्येरेरे आणि दोन देशांचे एक राष्ट्र

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे ह्यांच्या संतपदाची प्रक्रिया मुसोमा धर्मप्रांतात २००५ साली सुरू झाली. राज्यकर्त्याच्या जीवनाची अशी तपासणी होते तेव्हा त्याच्या भक्तिजीवनाबरोबर त्याचे निर्णयही तपासावे लागतात. न्येरेरे ह्यांचा सर्वांत मोठा निर्णय म्हणजे झांझिबारशी केलेले एकीकरण.

१३ एप्रिल १९२२ रोजी बुटियामा ह्या खेड्यात, झनाकी जमातीच्या प्रमुखाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९४३ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. एडिंबरो विद्यापीठाची पदवी घेऊन ते परतले आणि पुगू येथील कॅथलिक शाळेत शिकवू लागले. ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, हे संबोधन त्यांना अखेरपर्यंत चिकटले. १९५४ साली त्यांनी टानू हा पक्ष स्थापन केला आणि ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका रक्तपाताविना स्वतंत्र झाला.

केनिया, युगांडा आणि टांगानिका ह्यांनी एक संघराज्य व्हावे, अशी त्यांची तळमळ होती. त्यासाठी आपले स्वातंत्र्य काही काळ लांबणीवर टाकण्याचीही तयारी त्यांनी १९६० साली दाखविली होती. जून १९६३ मध्ये तिन्ही देशांच्या नेत्यांनी वर्षअखेरपर्यंत संघराज्य स्थापन करण्याची घोषणा केली. परंतु ती कागदावरच राहिली. परराष्ट्र व्यवहार कोणाकडे, नागरिकत्व कोणाचे, ह्यांवर एकमत झाले नाही. नुकताच हाती आलेला ध्वज इतक्या लवकर खाली उतरविणे कोणालाही सोपे नसते.

झांझिबार १० डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे क्रांती होऊन सुलतान पळाला; अरब व भारतीय वंशाच्या अनेकांची कत्तल झाली. आठवडाभरात टांगानिकाच्या सैन्यातच बंड झाले आणि न्येरेरे ह्यांना ब्रिटिश सैनिकांची मदत मागावी लागली. ह्या धास्तीच्या वातावरणात, २२ एप्रिल रोजी, त्यांनी झांझिबारचे नेते आबेद करुमे ह्यांच्यासमवेत एकीकरणाच्या करारावर सही केली. २६ एप्रिलला संयुक्त राष्ट्र अस्तित्वात आले. जनमत कोठेही घेतले गेले नाही.

एका बाजूला सुमारे एक कोटी लोक, दुसऱ्या बाजूला जेमतेम तीन लाख! एकच सरकार ठेवले असते तर झांझिबारला गिळल्यासारखे झाले असते. तीन सरकारे ठेवली असती तर खर्चाचा भार टांगानिकावर पडला असता. म्हणून दोन सरकारांचा मार्ग निघाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, नागरिकत्व असे अकरा विषय संयुक्त सरकारकडे आले. उरलेल्या बाबतीत झांझिबार आपला कारभार आपण पाहणार होता. टांगानिकाचे वेगळे सरकार मात्र नाहीसे झाले.

ह्या रचनेची किंमत झांझिबारच्या सामान्य माणसाला मोजावी लागली. करुमे ह्यांच्या राजवटीत विरोधकांना तुरुंग आणि मृत्यू ह्यांखेरीज काही मिळत नसे. न्येरेरे बहुतेक वेळा गप्प राहिले. १९६९ साली कासिम हांगा आणि ओथमान शरीफ हे दोन माजी मंत्री त्यांनी करुमे ह्यांच्या हवाली केले आणि तेथे दोघांनाही ठार मारण्यात आले. एकी टिकविण्यासाठी ते गप्प राहिले, असे म्हणता येईल. परंतु ह्या प्रसंगी त्यांचे समर्थन करणे आम्हांस कठीण वाटते. १९७२ साली करुमे ह्यांची हत्या झाली. १९७७ मध्ये दोन्ही बाजूंचे पक्ष एकत्र आले, तरी कुरबूर थांबली नाही. तिसऱ्या सरकारचा विचार मांडणारे झांझिबारचे अध्यक्ष अबूद जुंबे ह्यांना १९८४ साली पद सोडावे लागले.

१९८५ मध्ये न्येरेरे स्वखुशीने सत्तेवरून पायउतार झाले व बुटियामाला परतले. रोजच्या मिस्साला ते नेमाने जात. १९९३ साली टांगानिकाचे सरकार पुन्हा स्थापावे असा ठराव ५५ खासदारांनी आणला, तेव्हा म्हाताऱ्या म्वालिमूंनी त्याविरुद्ध अख्खे पुस्तक लिहिले. १४ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे २०१४ साली घटना समितीपुढे तीन सरकारांचा प्रस्ताव पुन्हा आला आणि पुन्हा फेटाळला गेला.